एकट्याचं घर

२ मार्च, शनिवार

पाठीमागच्या खोलीचा खरा खर्च आजच लिहून ठेवतो, नाहीतर चिरंजीव विचारतील तेव्हा माझी त-त-प-प होईल. रंगाचे दोन डबे. गादी. दिव्याचं नवं बटण. पडदा माझ्याच हातचा, म्हणून एका बाजूनं चढलेला. हा झाला दुकानदाराचा हिशोब.

खरा खर्च निराळाच. हिचं शिवणाचं मशीन खिडकीशी होतं, ते उचलून जिन्याखाली नेऊन ठेवावं लागलं. पायडलवर अजून तिच्या टाचेनं घासल्याची खूण आहे. रंगवणारा म्हणाला, भंगारवाल्याला सांगू का? मी म्हटलं, बाबा रे, तू रंग दे. त्यानं दिला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

एवढा खर्च झाला. आता धाकटीनं फक्त हो म्हणायचं आहे.

३ मार्च, रविवार

वही नवी आहे, तेव्हा सगळं एकदा पहिल्यापासून.

धाकटी म्हणजे माझ्याकडे कामाला येणारी. आपल्याच भाषेची, आपल्याच बाजूची. एवढ्या लांब येऊन ती भांडी घासते. मी एवढ्या लांब येऊन लोकांच्या गाड्यांखाली उताणा पडत होतो. फरक इतकाच, की मी चाळीस वर्षं आधी निघालो आणि शेवटी गॅरेजच माझ्या नावावर झालं. माझी बायको, ही, गेल्यावर एजन्सीवालीनं दोघी जावा दाखवायला आणल्या. थोरलीनं घर फिरून बघितलं, बाथरूमचं दार उघडून-लावून बघितलं, आणि म्हणाली, मला जिनेच बरे. तेव्हापासून ती आमच्याच इमारतीचे जिने पुसते. धाकटी माझ्याकडे राहिली. नावं आहेत दोघींना, पण घरात धाकटी-थोरली पडलं ते पडलं.

धाकटी सकाळी येते, अंधार पडायच्या आत जाते. त्यात चूक नाही. दोन बस बदलून जायचं, तिथं एका खोलीत सहाजणी राहतात. रात्रपाळीची बाई सकाळी येते आणि धाकटीच्याच अंथरुणात शिरते. "अंथरूण कधी गार म्हणून होत नाही बघा काका," असं हसत सांगते. आता ती इमारत पाडणार आहेत. महिनाअखेर खोली रिकामी करायची. सहाजणी सहा दिशांना.

म्हणून मी म्हटलं, पाठीमागची खोली पडून आहे, ये राहायला, भाडंबिडं काही नको. म्हणाली, "बघते काका."

बघते म्हणजे हो! ही सुद्धा लग्नाच्या वेळी 'बघते' असंच म्हणाली होती.

आज धाकटीची सुट्टी. घरात फक्त फ्रिजचा आवाज. तोही मधेच थांबतो, आणि मग फारच ऐकू येतं.

४ मार्च, सोमवार

तिच्या फोनबद्दल लिहायला हवं. कारण दिवसभर मला जी काही सोबत असते ती त्या फोनातली.

आल्या आल्या पहिलं काम ते. ओट्याच्या वरच्या खिडकीत साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायचा, घरी लावायचा, आणि तो संध्याकाळपर्यंत चालू. बोलत कुणीच नाही. इथं दिवस तेव्हा तिकडे रात्र. पडद्यावर नुसता अंधार आणि त्या अंधारात एक म्हातारी. धाकटीची सासू. तीसुद्धा दिसत नाही, ऐकू येते. खोकला. खाटेची करकर. तांब्यावरचं झाकण. लांबवर कुत्रं. पलीकडे धाकटीची पोरगी झोपलेली असते, ती झोपेत शाळेतल्या कुणाशी तरी भांडते.

पहिल्यांदा मला नवल वाटलं होतं. अंधाराला फोन कोण लावतं? मग उलगडलं. घरचा श्वास ऐकत काम करायचं. मी बायकोचं पत्र घडी घालून खिशात ठेवायचो, ग्रीस लागून ते वाचता येईनासं व्हायचं, तरी खिशातच. तसंच हे.

आणि कान म्हणाल, तर ह्या कानांवर मी पोट भरलं आहे. गाडी फाटकातून आत यायच्या आधी सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय. जुना मालक पैज लावायचा आणि हरायचा. तेव्हा तिकडचं ते घर मला आता पाठ आहे. दार कुठं लागतं, नळ कुठं गळतो. न पाहिलेल्या त्या घरात मी अंधारात चालू शकेन.

६ मार्च, बुधवार

माणूस घरात मोकळा आहे की नाही, हे भांड्यांवरून कळतं. भ्यालेली बाई भांडं अलगद ठेवते, उगाच साहेबाच्या कपाळाला आठी नको म्हणून. आमची धाकटी आपटते! वर गाणं म्हणते, तेही बेसूर. स्वतःशीच बोलत असते— "आता फरशी घेते. आता कपडे वाळत घालायला बाल्कनीत चालले." आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की खणखणीत आवाजात, "या काका! काय हवं, चहा?"

ही गेल्यापासून असं स्वागत मला कुणी केलेलं नाही. चिरंजीवांच्या घरी गेलो तर टीव्हीचा आवाजसुद्धा कमी होत नाही.

मी उगाच जातो मग. एकदा पाण्याला, एकदा चष्म्याला. चष्मा नाकावरच असतो.

गंमत म्हणजे मी आत गेलो की तिकडे खाट करकरते. म्हातारी उठून बसते. दर वेळी! मी काय बोलतो ते ऐकायला. तिला रात्रीची झोप नाही, मला दिवसाची माणसं नाहीत. बरं जमलं आहे. माझ्यामुळे तिची रात्र सरते, हे मी पैजेवर सांगेन.

८ मार्च, शुक्रवार

आज म्हातारीला ट्रकमध्ये अडकलेल्या वासराची गोष्ट सांगितली. धाकटी फ्रिज पुसत होती. गोष्ट संपली. तिकडून "हं." मग खोकला. मग पुन्हा "हं, मग?"

गोष्ट संपली होती, तरी मी आणखी थोडी वाढवली.

११ मार्च, सोमवार

नेट बंद. सगळ्या इमारतीचं. फोन मुका.

धाकटीनं बाहेरचं दार सताड उघडं टाकलं आणि तसंच काम केलं. गार वारा थेट माझ्या गुडघ्यात. मी दोनदा दार लावलं, तिनं दोनदा उघडलं. "वास जाऊ दे काका," म्हणाली. कसला वास? मग थोरलीला जिन्यावरून हाक मारली. ती बादली घेऊन आमच्याच दाराशी आली आणि आमचाच उंबरा पुसत बसली, इतका की त्याचा रंग जायचा. धाकटीचं गाणं नाही, काही नाही. दुपारीच निघते म्हणाली. निघाली.

घर तुटलं की माणसाचं असं होतं. मला वाईट वाटलं.

१२ मार्च, मंगळवार

नेट आलं. खाट करकरली. माझ्याही जिवात जीव आला.

१४ मार्च, गुरुवार

जिन्यात दोघी जावा बोलत होत्या. मी दाराच्या आत, बूट घालत. कान काय बंद करून ठेवायचे?

ह्या बायकांनी सगळ्या घरांच्या जाती पाडून ठेवल्या आहेत. कुत्र्याचं घर. जिन्यांचं घर. तान्ह्याचं घर. 'कॅमेऱ्याचं घर', तिथं मॅडम ऑफिसात बसून बघतात, बाई किती वेळ बसली ते. आमच्या घराला म्हणतात 'एकट्याचं घर'. म्हणजे कपडे थोडे, भांडी थोडी, हलकं काम. बरोबरच आहे.

थोरली खोलीबद्दलच बोलत होती. म्हणाली, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. धाकटी म्हणाली, "पण पहिल्या घरासारखं नाही गं हे." ते 'पहिलं घर' मी आधीही ऐकलंय. इकडं आल्यावर तिथं राहून काम करत होती. कशी सोडून आली ते कधी सांगत नाही. फक्त एवढं एकदा बोलली, की पिशवी तिथंच राहिली.

दुपारी मी सरळच विचारलं. उपाशी ठेवत होते का गं तिथं?

"नाही काका. जेवण चांगलं होतं."

आणि नळ मोठा सोडला.

१७ मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन. खोलीचं ऐकून म्हणाले, बाबा, बरं दिसत नाही. मी म्हटलं, कुणाला? म्हणाले, लोकांना. मी म्हटलं, ह्या वयात माझ्याकडे बघायला लोकांना सवड असेल तर त्यांनी येऊन माझे गुडघे बघावेत. ती माझ्या लेकीसारखी आहे.

मग सूनबाईंनी फोन घेतला. त्या कमी बोलतात. "बाबा, तुम्ही चांगले आहात हे आम्हाला माहीत आहे. तिला कसं कळणार?"

अहो, चार वर्षं येते रोज! म्हटलं, सूनबाई, एवढ्यात इंजिन सुद्धा कळतं.

पुढे म्हणाल्या, "खोलीला आतून कडी आहे का?"

मी म्हटलं, पावसापाण्याचं बोला. रागावलो नव्हतो. तो विषय मला नको होता.

१८ मार्च, सोमवार

धाकटीला कानांवर घालायचे ते मोठे हेडफोन आणून दिले. म्हटलं, घरचं सगळं नीट ऐकू येईल, मी काय, मिळेल ते ऐकीन. खूष झाली, डोळे मोठे करून हसली, आणि डबा तसाच पिशवीत ठेवला. संध्याकाळपर्यंत घातले नाहीत. विचारलं तर म्हणाली, "कान झाकले की मागचं ऐकू येत नाही ना काका."

वा! अगदी माझ्यासारखी. मीसुद्धा गॅरेजात कधी कान झाकू दिले नाहीत पोरांना.

२० मार्च, बुधवार

आज खोली दाखवली. गादीवर हात फिरवला तिनं. पडदा बघून हसू दाबलं. खिडकीशी उभी राहिली तेव्हा मला वाटलं, झालं, बसली ही इथं. सहाजणींच्या खोलीत तिची खिडकी म्हणजे तुटक्या तावदानाची एक फट, तीही बाथरूममधली.

मग वळली आणि दाराकडे बघितलं. बोटानं चौकटीवरची भोकं चाचपली. स्क्रूची. "इथं कडी होती का काका?"

होती म्हटलं.

"बाथरूमला पण नाही."

घरात कुठंच नाही, म्हटलं. इथं कुणापासून लावायची कडी? आपण दोघंच.

"हो," म्हणाली. "दोघंच."

स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. दिवसभर मळत होती असं वाटलं मला.

कड्यांचं मी तिला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. ही बाथरूममध्ये पडली तेव्हा आतून कडी होती. मी बाहेर. दारापलीकडून मला हाका मारत होती, नावानं, जे ती आयुष्यात कधी घेत नसे. मग हाका थांबल्या. श्वास ऐकू येत होता. मग... माझे कान फार चांगले आहेत. ज्या क्षणी थांबला तो क्षण मला माहीत आहे. दार नंतर तुटलं.

तेरावा झाल्यावर सगळ्या घरातल्या आतल्या कड्या मी स्वतः काढल्या. एकूण एक. पुन्हा ह्या घरात कुणी दाराआड पडायचं नाही.

२१ मार्च, गुरुवार

काल लिहिलं ते लिहायला नको होतं. राहू दे आता.

२२ मार्च, शुक्रवार

महिना संपत आला आणि 'बघते' अजून बघतेच आहे. म्हणून आज सरळ म्हातारीकडे वशिला लावला. धाकटी बाल्कनीत चादरी पिळत होती. मी फोनपुढे खुर्ची घेतली.

म्हटलं, ताई, जाग्या आहात?

"जागी आहे भाऊ."

तुमच्या सुनेला सांगा की खोली घे म्हणून. बसची दगदग वाचेल, झोप पुरी होईल. तुमचीही काळजी मिटेल.

खाट वाजली. मग विचारलं, "घरात आणखी कोण असतं भाऊ?"

कुणी नाही हो. मी एकटा.

"रात्री पण?"

रात्री तर एकटाच.

"हं," म्हणाली. म्हातारीला माझी दया आली असावी. आवाज खाली गेला होता. मग म्हणाली, "सून शहाणी आहे माझी. तिचं ती ठरवेल." आणि मोठ्यानं, अंधारातून, सुनेच्या नावानं हाक मारली. बाल्कनीतून ओल्या हातांनी धावत आली बिचारी. काय झालं, काय झालं! काही नाही गं, म्हटलं, आम्ही आपल्या गप्पा मारत होतो.

२४ मार्च, रविवार

घरात बसवेना, फिरायला गेलो. बँकेच्या पायऱ्यांवर रविवारी ह्या सगळ्या बायका जमतात. बँक बंद, पायऱ्या फुकट. चटया टाकलेल्या. कुणी कुणाचे केस कापतंय, कुणी हातांना मलम चोळतंय— सगळ्यांचे हात सारखे, पांढरे पडलेले, चिरलेले. एक जण फोनवर, तिकडे अर्ध्या रात्री जागलेल्या पोराला पाढे म्हणायला लावत होती आणि तो चुकला की इकडं पंधरा जणी हसत होत्या.

धाकटी झोपली होती. थोरलीच्या मांडीवर डोकं, तोंड उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. भर दुपारी, भर रस्त्यात.

मी बघतच राहिलो. चार वर्षांत मी तिला कधी डोळे मिटलेली पाहिली नाही. माझ्याकडे दुपारी जेवण झाल्यावर मी शंभरदा म्हटलं आहे, पड जरा. स्टुलावर ताठ बसते, भिंतीला पाठसुद्धा टेकत नाही. मला वाटायचं, काटक आहे.

थोरलीनं मला पाहिलं. मी हात वर केला. तिनं ओढणी उचलली आणि धाकटीच्या तोंडावर घातली.

हात खाली घेतला आणि घरी आलो.

२५ मार्च, सोमवार

कडी विकत घेतली. साधी, पितळेची. सूनबाई उगाच बोलत नाहीत.

२७ मार्च, बुधवार

धाकटी गेल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठीमागच्या खोलीत गेलो. जुन्याच भोकांत बसते. दोन स्क्रू लावले. मग आतून लावून बघायची म्हणून दार लोटलं, कडी सरकवली. तो आवाज...

कडी मागं सरकवली. दोन्ही स्क्रू काढले. कडी खणात टाकली. उद्या लावीन. दिवसा, ती असताना, गाणं चालू असताना लावीन.

२८ मार्च, गुरुवार

लावायची वेळच आली नाही.

सकाळी चहा पुढं ठेवून तिनंच सांगितलं. दुसरीकडे काम मिळालंय. राहायचं पण तिथंच. परवा शेवटचा दिवस.

मी विचारलं, पगार? नाही. कामाचं काही? नाही. मी काही बोललो, कधी वेडंवाकडं? नाही, नाही काका. मग झालं काय? खोली रंगवली, गादी आणली, आणखी काय करायला हवं होतं मी? आवाज चढला माझा. चढला तसा तिकडे फोनमध्ये खाट वाजली.

धाकटी ओटा पुसत होती. तो स्वच्छच होता. फडकं ठेवलं, माझ्याकडे वळली, आणि पहिल्यांदाच हळू बोलली.

"तुम्ही चांगले आहात काका. पण ते मला रोज बघावं लागतं. सकाळी आले की बघायचं, आज पण चांगले आहात का. दिवसभर बघत राहायचं. रात्री झोपेत कशी बघू?"

चहा प्यायलो. साखर नव्हती. पहिल्यांदाच विसरली.

३० मार्च, शनिवार

शेवटचा दिवस. तिनं सगळे डबे घासले, फ्रिजमध्ये तीन दिवसांची भाजी करून ठेवली, कुठली कधी खायची ते सांगितलं, माझ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगळ्या केल्या. पाया पडू लागली, मी पडू दिलं नाही. हेडफोन परत देऊ लागली, मी नको म्हटलं. किल्ली मेजावर ठेवली. फोन खिडकीतून काढताना म्हणाली, "सासूबाईंना निरोप द्यायचा का?"

मी वाकलो आणि म्हटलं, येतो ताई. खरं म्हणजे जात ती होती.

"बरं भाऊ," म्हातारी म्हणाली. "तब्येतीला जपा."

कड्यांचं सांगायला हवं होतं. हिचं, दाराचं, सगळं. ओठांवर आलं होतं. पण जाताना सांगितलं तर ती थांबावी म्हणून सांगतोय असं दिसलं असतं. आणि तसं असतंही.

१ एप्रिल, सोमवार

स्वयंपाकघरात गेलो. कुणी काही म्हटलं नाही.

३ एप्रिल, बुधवार

एजन्सीवालीचा फोन. नवीन बाई पाठवते म्हणाली, पण घरात आणखी कोण असतं ते आधी विचारलं. मी म्हटलं, सध्या नको, माझं मी करतो. भात करपला. खिडकी उघडली तर साखरेच्या डब्याला फोन टेकायचा तेवढ्या जागेत धूळ नाही.

धाकटीचं एक समजून घेतलं मी. पहिल्या घराचं आता समजलं, उशिरा का होईना. जेवण चांगलं होतं म्हणाली तेव्हाच कळायला हवं होतं. भांडी आपटणं, गाणं, 'या काका'... त्याचंही काय ते दोन दिवस मनात येतंय, पण पुरतं आत येऊ देत नाही मी. बायकांचं भय असतं. ठीक आहे. तिचा राग नाही.

पण म्हातारी वेगळी. तिला काय भ्यायचं होतं माझ्याकडून, सातासमुद्रापलीकडे? ती माझ्याशी बोलायची ती बोलायचीच. वासराची गोष्ट तिनं दोनदा ऐकली. नव्या घरात धाकटी तिला खिडकीत उभी करील, पण तिथं तिच्याशी बोलणारं कोण आहे? रात्रभर नुसती भांडी ऐकत बसायची. माझी आठवण तिला येणार, हे लिहून ठेवतो.

९ एप्रिल, मंगळवार

बाथरूमला कडी बसवली. चारही स्क्रू. आत गेलो, लावली, थोडा वेळ उभा राहिलो.

बाहेर कुणीच नव्हतं. तरी लावून बघितली.

१६ एप्रिल, मंगळवार

थोरली जिन्यात भेटली. धाकटी बरी आहे. नव्या घरात नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि जुळी. काम मरणाचं, पण झोप लागते.

फोन ठेवते का खिडकीत, विचारलं.

"तिथं कशाला? तिथं बायका आहेत घरात. फोन पिशवीत असतो."

मग सासूबाई काय करतात रात्रीच्या?

"झोपतात की आता," म्हणाली, आणि पुढची पायरी पुसायला घेतली.